विंचवाचा उतारा आणि त्याचा पडताळा

वसंत व्याख्यानमालेचे दिवस हेच विंचवाचेही दिवस. ऊन तापू लागले म्हणजे दगडांच्या सांदीत, कौलांखाली, सरपणासाठी रचलेल्या पऱ्हाट्यांच्या ढिगात दडलेला हा प्राणी रात्री बाहेर पडतो. आणि माणसेही याच दिवसांत अंगणात, खळ्यावर, उघड्या जमिनीवर निजतात. ज्याच्या घरी किंवा शेजारी कधी कोणाला विंचू चावला नाही, असा श्रोता नरडाण्यासारख्या गावात सापडणे कठीण. पर्यायी उपचार आणि शास्त्रीय पुरावा हा मोठ्या नावाचा विषय मांडण्यासाठी मी विंचू निवडला, त्याचे कारण हेच. मोठ्या नावाचे विषय तात्त्विक चर्चेत विरून जातात. विंचू तसे होऊ देत नाही. त्याच्या बाबतीत चुकीच्या निर्णयाची किंमत एका रात्रीत मोजावी लागते, आणि ती बहुधा लहान मुलाला मोजावी लागते.

विंचू चावला की आपल्याकडे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. कोणी चिंचोका उगाळून दंशावर चिकटवतो, कोणी आघाड्याचे मूळ शोधायला बांधावर धावतो, कोणी मंत्र जाणणाऱ्याला झोपेतून उठवून आणतो. तो मंत्र पुटपुटत हात फिरवतो. खांद्यापर्यंत चढलेली कळ कोपरापर्यंत, मग मनगटापर्यंत, मग बोटाच्या टोकाशी उतरते. आणि सकाळी माणूस आपल्या कामाला लागतो. हे ज्यांनी पाहिले ती माणसे खोटे बोलत नाहीत. उतारा केला हे खरे, बरे वाटले हेही खरे. वाद आहे तो या दोन वाक्यांना जोडणाऱ्या 'म्हणून' या एका शब्दाचा. उतारा केला म्हणून बरे वाटले, असे म्हणता येईल काय? आजच्या विवेचनाचा सारा भार या एका शब्दावर आहे.

विष काय करते

आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकारचे विंचू लोकांच्या परिचयाचे आहेत. काळा विंचू अंगाने मोठा, नांग्यांनी जाड, दिसायला भयंकर. त्याच्या दंशाने कळा येतात, पण जीव सहसा जात नाही. लाल विंचू चणीने लहान, नांग्यांनी बारीक. खरा घातक तो. त्याचे विष मज्जातंतूंवर काम करते. तंतूतून संदेश जाताना सोडियमचे कण आत येण्याची जी सूक्ष्म दारे उघडतात व लगेच मिटतात, ती या विषामुळे मिटेनाशी होतात. मग तंतू सारखे संदेश सोडीत राहतात आणि शरीरात अॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोट उसळतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातपाय गार पडतात, अंगाला दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, रक्तदाब चढतो. आवळलेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकते. मग फुप्फुसात पाणी साचू लागते, खोकल्याबरोबर गुलाबी फेस येतो, आणि वेळेवर इलाज न झाल्यास रोगी दगावतो. मोठ्या माणसाला टोचले जाणारे विष आणि पाच वर्षांच्या मुलाला टोचले जाणारे विष सारखेच. पण मुलाचे वजन कमी, म्हणून त्याला धोका अधिक.

मात्र प्रत्येक दंशात असे होत नाही. बहुतेकांच्या अंगात थोडे विष जाते, किंवा विंचू कमी विषारी जातीचा असतो. अशा वेळी दंशाच्या जागी असह्य कळा येतात, त्या काही तास टिकतात आणि आपोआप ओसरतात. कळ वरून खाली उतरत येणे हाही या ओसरण्याचाच क्रम आहे. मांत्रिकाला बोलावणे जाते ते कळ शिगेला पोहोचली असता. तो येईपर्यंत, मंत्र म्हणून होईपर्यंत आणि चहा होईपर्यंत तिला ओसरायचेच असते.

याहून घातक गोष्ट पुढे आहे. ज्याला नुसती कळ आहे, जो ओरडतो, आदळआपट करतो, तो बहुधा सुखरूप असतो. ज्या मुलाची कळ फारशी दिसत नाही, पण ज्याला उलट्या होताहेत, घाम फुटला आहे, हातपाय थंडगार आहेत, जे शांत पडून आहे, त्याच्या जिवाला धोका असतो. म्हणजे घरातील माणसे ज्या खुणेकडे पाहून उतार पडला असे समजतात, तीच खूण कधीकधी संकट खोलवर शिरल्याची असते. मंत्राने अपाय तर होत नाही ना, असा प्रश्न अनेकजण विचारतात. मंत्राच्या शब्दांनी अपाय होत नाही. पण त्यावर विसंबून दवडलेल्या दोन तासांनी होतो.

जमेचीच बाजू असलेली वही

आता 'म्हणून' या शब्दाकडे वळू. गावातल्या मांत्रिकाचा लौकिक कसा तयार होतो? जे बरे झाले ते उताऱ्याच्या खाती जमा होतात. जो दगावला त्याच्याविषयी, आणायला उशीर झाला, आयुष्यच सरले होते, कोणीतरी मध्ये शिवले, असे काहीतरी बोलले जाते. तो कोणाच्याच खाती नावे पडत नाही. ज्या वहीला जमेची बाजू आहे आणि नावेची नाही, तिचा ताळेबंद नेहमीच नफ्याचा निघणार. कोणताही दुकानदार अशा वहीवर भागीदारी करणार नाही. आपण मात्र तिच्यावर मुलाचा जीव सोपवतो.

या खानदेशात पुराव्याविषयी बोलताना इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यात त्यांचे देहावसान झाले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात उभे राहिले. राजवाड्यांनी आयुष्यभर एक गोष्ट सांगितली: बखरीवर इतिहास रचू नका, अस्सल कागद शोधा. बखर लिहिणारा लबाडच असतो असे नव्हे. पण तो घटनेनंतर पुष्कळ काळाने, ऐकीव माहितीवर, कोणाच्या तरी गौरवासाठी लिहितो. आणि पत्र त्या दिवशी, त्या कामापुरते लिहिलेले असते. रोग बरा झाल्याच्या ज्या कथा आपण ऐकतो त्या बखरी होत. दंश किती वाजता झाला, रोगी कधी आला, नाडी किती, रक्तदाब किती, काय दिले, पुढे काय झाले, हे ज्या त्या वेळी टिपलेले केसपेपर हे अस्सल कागद होत. शास्त्रीय पुरावा या शब्दाचा पहिला अर्थ एवढाच.

दुसरा अर्थ तराजूचा आहे. बाजारात माल मोजण्यापूर्वी शहाणा शेतकरी रिकामी पारडी पाहतो. एका पारड्याला पासंग असेल तर वजन कितीही काळजीने केले तरी खोटेच येणार. रोग आपोआप बरा होणे हा उपचाराच्या तराजूतला पासंग आहे. तो काढायचा तर उपचार घेतलेल्यांच्या शेजारी तो न घेतलेले, पण बाकी सर्व बाबतींत सारखे रोगी ठेवून पाहावे लागते. कोण कोणत्या बाजूला जाईल हे वैद्याने ठरवायचे नाही, चिठ्ठी टाकून ठरवायचे; नाहीतर सौम्य रोगी आपल्या औषधाच्या बाजूला घेण्याचा मोह नकळत होतो. हा पडताळा काही फार अवघड नाही. चिंचोक्याचेच पाहा. तो दंशाला चिकटतो आणि विष शोषून झाले की गळून पडतो, अशी समजूत आहे. पण चिंचोक्याच्या पिठाची खळ कापडाच्या सुताला लावतात, हे जाणत्यांना ठाऊक आहे. चिकटणे हा त्याचा धर्मच आहे. उगाळलेला चिंचोका एकदा न चावलेल्या बोटावर लावून पाहावा. तेथेही तो चिकटला आणि वाळल्यावर गळून पडला, तर विषाशी त्याचा काय संबंध राहिला? हे न चावलेले बोट म्हणजेच रिकामे पारडे.

महाडची नोंदवही

विंचवाचे अस्सल कागद महाराष्ट्रातच तयार झाले, आणि तेही एखाद्या मोठ्या संस्थेत नव्हे. जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू पुष्कळ. त्याच्या दंशाने मुले आणि तरुण माणसे डोळ्यांदेखत दगावत. बावस्करांनी रोग्याच्या उशाशी बसून लक्षणे टिपायला सुरुवात केली. घाम, उलट्या आणि गार हातपाय या खुणा पुढे येणाऱ्या हृदयाच्या बिघाडाची पूर्वसूचना देतात, हे त्यांचे निरीक्षण १९८२ मध्ये लंडनच्या लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

येथे एक गोष्ट डॉक्टरांच्या बाजूने कबूल केली पाहिजे. त्या काळी दवाखान्यांतही विंचूदंशावर जे दिले जाई ते तोलून पाहिलेले नव्हते. अॅट्रोपिन, स्टेरॉइड, गुंगी आणणाऱ्या औषधांचे मिश्रण, असे नाना इलाज चालत. ते पाश्चात्त्य होते, बाटलीत भरलेले होते, सुईने टोचले जात, पण रोगी तरीही मरत. चिंचोका आणि अॅट्रोपिन यांत त्या वेळी पुराव्याच्या दृष्टीने फारसे अंतर नव्हते. म्हणूनच देशी विरुद्ध विलायती, जुने विरुद्ध नवे, अशी या वादाची मांडणी मला मान्य नाही. तोललेले आणि न तोललेले, एवढाच भेद खरा.

विष रक्तवाहिन्या आवळते, तर त्या सैल करणारे औषध उपयोगी पडेल, असे अनुमान बावस्करांनी बांधले. प्रथम त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिले. त्याने गुण आला, पण ते शिरेतून थेंबाथेंबाने देत सतत पहारा ठेवावा लागतो, खेड्यात ते जमणारे नव्हते. मग त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचे गोळीचे औषध योजले. ते गोळीने देता येते, स्वस्त आहे, लहान दवाखान्यातही चालते. त्याचा अनुभव १९८६ मध्ये लॅन्सेटमध्येच प्रसिद्ध झाला. त्यांच्या नोंदींप्रमाणे पूर्वी गंभीर विषबाधेत शेकडा चाळीसच्या आसपास मृत्यू होत, ते पुढे शेकडा एकापर्यंत खाली आले.

परंतु कठोर परीक्षक येथेही थांबत नाही. तो विचारतो: पूर्वीचे रोगी आणि नंतरचे रोगी सारखे होते काय? मधल्या काळात रस्ते झाले, लोक लवकर येऊ लागले, त्याचा वाटा किती? हा आक्षेप रास्त आहे. उतरलेल्या मृत्युसंख्येत त्याचाही हिस्सा असणार. मात्र चाळीसावरून एकावर येण्याइतका तो असेल, हे संभवत नाही. पुढे लाल विंचवाच्या विषावरची प्रतिविषाची लस मिळू लागली आणि नवा प्रश्न उभा राहिला: प्राझोसिन असताना या लसीचा अधिक उपयोग आहे काय? या वेळी बावस्करांनी रीतसर तराजू मांडला. महाड येथे सत्तर रोगी घेतले आणि चिठ्ठीप्रमाणे त्यांचे पस्तीस-पस्तीसचे दोन गट केले. एका गटाला नुसते प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि लस. कोणालाही उपचारावाचून ठेवले नाही. दहा तासांनंतर लस मिळालेल्यांपैकी ३२ पूर्ण बरे झाले होते. नुसत्या प्राझोसिनवाल्यांपैकी ८. ही चाचणी २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. कोणाला काय दिले हे डॉक्टर व रोगी दोघांना माहीत होते, हा तिच्यातला उणेपणा. आणि तो शोधनिबंधाच्या नावातच उघड सांगितलेला आहे. आपला उणेपणा स्वतः छापणे हे शास्त्राचे मोठे लक्षण आहे. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

तोच तराजू, वनस्पतींना

आता कोणी म्हणेल, मंत्राचे सोडा, पण आपल्या वैद्यकाचे काय? उत्तर असे की, त्यालाही तोच तराजू. आणि त्यात ते कधी जड भरते, कधी हलके. सर्पगंधेचे मूळ आपल्या देशात शतकानुशतके वापरात होते. कलकत्त्याच्या सेन आणि बोस या डॉक्टरांनी १९३१ मध्ये रक्तदाबावरील तिच्या गुणाकडे लक्ष वेधले, आणि मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या पन्नास रोग्यांवर ती वापरून १९४९ मध्ये आपला अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला. साऱ्या जगाने तो मान्य केला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने त्या मुळातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. पुढे तोच तराजू हेही सांगू लागला की हे औषध मोठ्या प्रमाणात घेणाऱ्या काहींना खोल खिन्नता येते. तेव्हा मात्रा कमी झाली, आणि अधिक चांगली औषधे आल्यावर ते मागे पडले. सर्पगंधेला मान मिळाला तो ती देशी म्हणून नव्हे. आणि ती मागे पडली तीही देशी म्हणून नव्हे.

गुग्गुळाची कथा याच्या उलट आहे. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या वर्णनावरून १९६६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात सत्यवती यांनी सशांवर प्रयोग केले, गुग्गुळाने रक्तातील चरबी उतरते असे दिसले, आणि पुढे त्यापासून औषधही निघाले. परंतु २००३ मध्ये अमेरिकेत १०३ माणसांवर चाचणी झाली. काहींना गुग्गुळाची गोळी आणि काहींना दिसायला तशीच पण पोकळ गोळी दिली. कोणाला कोणती, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि देणाऱ्यालाही. गुग्गुळ घेणाऱ्यांचे घातक कोलेस्टेरॉल उतरले नाही, उलट किंचित वाढले. सशावर जे दिसते ते माणसावर दिसेलच असे नाही. आणि 'वनस्पतीच आहे, अपाय काय होणार?' असे म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: २००४ मध्ये बोस्टन शहराच्या परिसरातील दुकानांतून घेतलेल्या सत्तर आयुर्वेदीय औषधांपैकी चौदांमध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले.

यात आयुर्वेदाचा अपमान आहे असे ज्यांना वाटते त्यांनी चरकसंहितेचे सूत्रस्थान पाहावे. आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशा चार परीक्षा तेथे सांगितल्या आहेत. म्हणजे थोरांचा शब्द ही चारांपैकी एक परीक्षा, सर्वस्व नव्हे. त्याच ग्रंथात असाही इशारा आहे की, आयुष्य शिल्लक असलेला एखादा रोगी योगायोगाने वाचवून स्वतःला वैद्य म्हणवणारा मनुष्य पुढे शेकडोंचा घात करतो. जमेचीच बाजू असलेल्या वहीवर याहून कडक टीका आजच्या शास्त्रज्ञानेही केलेली नाही. चरकाचा वारसा सांगणाऱ्याने पडताळ्याला भिऊ नये.

रात्रीच्या वेळी काय करावे

शेवटी व्यवहाराचे. लोक मांत्रिकाकडे का जातात? ते अडाणी म्हणून, असे उत्तर देणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. मांत्रिक हाकेच्या अंतरावर असतो, मध्यरात्री उठतो, पैशासाठी अडून बसत नाही, आणि घाबरलेल्या माणसाच्या पाठीवर हात ठेवतो. दवाखाना दूर असतो, आणि तेथे पोहोचल्यावर डॉक्टर व औषध दोन्ही असतील की नाही, ही धास्ती असते. ही धास्ती ज्या दिवशी निराधार ठरेल, त्या दिवशी मंत्राचा अर्धा जोर ओसरेल. तेव्हा ग्रामसभेत विचारायचा प्रश्न हा: आपल्या आरोग्य केंद्रात या उन्हाळ्यात प्राझोसिनच्या गोळ्या आणि विंचवाची व सापाची प्रतिविषे आहेत काय?

कायद्यानेही या बाबतीत आपली बाजू घेतली आहे. ज्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षे खटपट केली आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाल्यानंतर जो अखेर आला, त्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडादोरा करणे हा गुन्हा ठरविला आहे. शब्द नीट पाहा: गुन्हा आहे तो रोखण्याचा. कोणाच्या ओठांवरचा मंत्र हा कायदा हिसकावून घेत नाही.

म्हणून मांत्रिकाला शत्रू करण्याचे कारण नाही. त्याला सोबती करावे. रात्री बोलावणे येणारा पहिला माणूस तोच असतो. घाम, उलट्या आणि गार हातपाय या तीन खुणा त्याला शिकवाव्यात, आणि मंत्र म्हणायचाच असेल तर तो गाडीत बसून म्हणावा, असे त्याला सांगावे. लहान मूल असेल तर खुणांचीही वाट पाहू नये; दंश झाला की निघावे. जागा कापू नये, घट्ट आवळू नये, घरच्या घरी गोळी देऊ नये. प्राझोसिनने रक्तदाब एकदम उतरू शकतो, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे. १०८ क्रमांकाला हाक द्यावी. आपले गाव महामार्गावर आहे. एका बाजूला शिरपूर, दुसऱ्या बाजूला धुळे आणि तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. डोंगरातल्या पाड्यांना जे भाग्य नाही, ते आपल्याला आहे.

आणि कोणताही उपचार, मग तो मंत्राचा असो, मुळीचा असो की सुईचा, आपल्यापुढे आला की एवढेच विचारावे: किती जणांना दिला, त्यांपैकी किती वाचले, आणि ज्यांना दिला नाही त्यांचे काय झाले? या तीन प्रश्नांना लिहिलेले उत्तर ज्याच्यापाशी आहे त्याचा हात धरावा. ज्याच्यापाशी नाही, त्याच्याशी हुज्जत घालण्यात वेळ दवडू नये. तोपर्यंत गाडी धुळ्याच्या रस्त्याला लागलेली असावी.